सुकतीला बसणारी गाडी

आमची गाडी भरतीला वर यायची आणि सुकतीला खाली बसायची. सुकती म्हणजे ओहोटी. शब्द बाबांचा, आणि गाडीचं हे वागणंही पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आलं. आम्ही राहतो घाटाच्या वर, तळेगावात. समुद्र गाठायचा तर अख्खा घाट उतरावा लागतो. गाडीला हे कुणी सांगितलेलं नसावं.

गाडी परदेशी, भलीमोठी आणि जुनी. पहिल्या मालकाचा बंगला समुद्राला लागून होता आणि ती वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभी असायची. हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वैजू, माझी बायको, गाडी पाहून म्हणाली, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." तिनं वाकून खालून पाहिलं होतं. मी फक्त आतली सीटं पाहिली होती.

घेतली ती बाबांसाठी. आई गेल्यावर बाबांनी होडी विकली आणि ते आमच्याकडे वर आले. जन्मभर नाखवा म्हणून होडी हाकलेला माणूस, पण गुडघे असे आखडले होते की साध्या मोटारीतही चढता येईना. या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. प्रत्येक चाकाशी तेलानं भरलेलं एक नळकांडं होतं. बटण दाबलं की पंप तेल इकडून तिकडे करायचा आणि गाडी उंटासारखी खाली बसायची. बाबा पहिल्याच दिवशी आत शिरले, मागच्या सीटवर टेकले आणि गाडी पुन्हा वर आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"चला बाबा, जेवायला," मी म्हटलं.

"थांब जरा. भरती लागली हाय," ते म्हणाले.

त्यानंतर ते उतरले नाहीत. जेवणखाण, चहा, झोप, सगळं गाडीतच. वैजूनं दोन-चार दिवस आग्रह केला आणि मग त्यांचं पांघरूण गाडीत नेऊन दिलं. खरं सांगायचं तर आम्हाला बरंच वाटलं. घरात ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. गाडीत ते बोलू लागले. भरतीला गाडी वर चढली की त्यांचा आवाजही चढायचा, गालांवर रंग यायचा, ते आईची नक्कल करून दाखवायचे. सुकतीला गाडी उतरली की ते गप्प होत, ओठ पांढरे पडत आणि त्यांचा हात हातात घेतला तर वाळत घातलेल्या बोंबलासारखा हलका लागे.

मग गाडी जरा जास्तच खाली जाऊ लागली.

आधी टायर मडगार्डांत गेले. पुढच्या सुकतीला पोट जमिनीला टेकलं. मग कंपाउंडमधले पेव्हर ब्लॉक ओल्या वाळूसारखे बाजूला झाले आणि गाडी त्यांच्यात उतरली. भरतीला ती वर यायची, पण आधीच्या इतकी नाही. बाबाही वर यायचे, पण आधीच्या इतके नाहीत. एका भरतीला त्यांनी आईची नक्कल सुरू केली आणि अर्ध्यात सोडली. पुढचं आठवत नाही म्हणाले. मी एका पंपांच्या कारखान्यात आयुष्य घालवलंय. गळती कशाला म्हणतात ते मला कळतं.

सोसायटीचे सेक्रेटरी शेलार येऊन बघून गेले. गाडी तेव्हा दाराच्या कड्यांपर्यंत जमिनीत होती आणि बाबांनी काचेतून त्यांना नमस्कार केला.

"चोगलेसाहेब, ब्लॉक पुन्हा सरळ बसतील ना?" शेलारांनी विचारलं.

"भरतीला बसतात," मी म्हटलं.

"मग हरकत नाही. फक्त गणपतीपर्यंत आटपा. मांडवाची जागा आहे."

कंपनीच्या वर्कशॉपला फोन केला तर ते म्हणाले, गाडी घेऊन या. मी म्हटलं, ती जमिनीत आहे. ते म्हणाले, मग टो करून आणा. आत माणूस आहे, असं सांगितल्यावर ते म्हणाले की माणसासकट गाडी घेता येत नाही. दुरुस्ती घरीच करायची ठरली. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी हत्यारं काढतो.

भरतीच्या वेळी गाडीखाली टेकू म्हणून चार लोखंडी घोड्या लावल्या आणि पाठीवर झोपून आत सरकलो. खालून ती गाडी वेगळीच होती. वरची चकाकी खाली पोचलेलीच नव्हती. पुढच्या पंपापासून मागच्या चाकांपर्यंत दोन पोलादी पाइप गेले होते, आणि ते इतके गंजले होते की बोट लावलं तर पापुद्रे सुटत. कुठे पाइप होता आणि कुठे नुसता गंजच पाइपाचा आकार धरून राहिला होता. मी पाइपाच्या मागं मागं सरकत निघालो. मागचं चाक दिसत होतं, पण येत नव्हतं. दुपारचा चहा वैजूनं खालून सरकवला तेव्हा मी अर्ध्या वाटेत होतो.

"किती राहिलं?" तिनं विचारलं. तिचा आवाज लांबून आला.

"कळत नाही. गाडी खालून लांब आहे."

"वरून तर तेवढीच आहे," ती म्हणाली आणि कप परत न्यायला थांबली.

बाबा माझ्या वरच होते. मध्ये फक्त पत्रा. मी जिथे जिथे सरकत होतो तिथे तिथे त्यांचा आवाज माझ्या बरोबर वर असायचा. लहानपणी आमची होडी किनाऱ्यावर ओढली की मी तिच्या पोटाखाली घुसून शंख-शिंपले खरवडायचो आणि बाबा वर बसून फटींत कापूस ठोकायचे. तेव्हाही आम्ही असेच बोलायचो, तोंड न बघता. आम्हाला तसंच बोलता येतं.

"नट फिरतो का रं?" त्यांनी विचारलं.

"फिरतो, पण बरोबर पाइप पण पिळतो. गंजून एक झालेत."

"मंग कापून टाक. जुन्यावं माया करू नको."

मी पाइप कापला. त्यातून तेल यायला हवं होतं. आलं ते पाणी. खारं, गार, बारीक वाळू असलेलं. माझ्या मानेखालून ते वाहत गेलं, आणि त्यात एक पारदर्शक कोळंबी होती. ती माझ्या कॉलरवर काही वेळ थांबली आणि पुढे गेली. मी माझ्या कामाच्या पद्धतीप्रमाणे वागलो. म्हणजे सगळं पाणी काढून टाकलं. बादल्या भरभरून वैजूनं ते मागच्या गटारात ओतलं. मग नळकांडी पुसली, तांब्याचे नवे पाइप वाकवून बसवले, जोडांसाठी टोकं फुलवली, नट आवळले आणि कंपनीचं हिरवं तेल भरलं. डब्यावर लिहिलेल्या प्रत्येक सूचनेचं पालन केलं. काम इतकं सुबक झालं होतं की मी वैजूला खाली बोलावून दाखवलं. ती नको म्हणाली.

मग भरती आली आणि गाडी हलली नाही.

पुढची सुकतीही आली आणि गेली. गाडी घोड्यांवर होती तशीच राहिली, शहाण्यासारखी. कुठे थेंब नाही. मी दार उघडलं तर बाबा सीटवर होते, पण सीट त्यांच्या वजनानं दबलेली नव्हती. डोळे मिटलेले. त्यांची कातडी जिथे दुमडत होती तिथे बारीक चिरा पडल्या होत्या, न वापरलेल्या होडीच्या फळ्यांना पडतात तशा. श्वास चालू होता. वैजूनं चमच्यानं चहा दिला तर तो चिरांतून आत मुरला.

"कोरडी केलीस," बाबा म्हणाले. ओठ फारसे हलले नाहीत.

होडी उन्हात फार दिवस कोरडी ठेवली की फळ्या आकसतात आणि फटी उघडतात. पाण्यात घातली की त्याच फळ्या फुगून फटी मिटवतात. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं, पण मी पंपांच्या कारखान्यात फार वर्षं राहिलो. मी दाराला धरून उभा राहिलो आणि मला रडू आलं. मला बाबा हवे होते. ते दुरुस्त नको होते, नुसते हवे होते.

"जे होतं ते परत घाला ना," वैजू म्हणाली.

"गटारात गेलं ते."

"मग दुसरं करू."

तिनं मोठ्या बादलीत पाणी घेतलं आणि खडेमीठ घालत राहिली. वैजूचं माहेर रेवदंड्याचं. ती मधूनमधून बोट बुडवून चाखायची, मान हलवायची आणि आणखी मूठभर घालायची. घरातलं मीठ संपलं तेव्हा तिनं शेलारांकडून मागून आणलं. शेवटी ती म्हणाली, "झालं." मी हिरवं तेल काढलं आणि ते पाणी भरलं. गाडीनं एक उचकी दिल्यासारखं केलं. बाबांच्या चिरा मिटल्या. त्यांनी डोळे उघडले आणि काचेवरून ओघळलेला एक थेंब बोटानं टिपून जिभेवर ठेवला.

"मीठ बरोबर हाय," ते म्हणाले. "पन दर्या नाय यो. दर्याला नारल दिला का?"

नारळी पौर्णिमा तीन दिवसांवर होती. आमच्याकडे पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत. पावसाळाभर होड्या वर ओढलेल्या असतात आणि समुद्र खवळलेला असतो. नारळ दिला की तो शांत होतो आणि मोकळा होतो. बाबांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता, घरात मासळीचा तुकडा नसतानाही नाही. पण तळेगावात आमच्या समाजाचं जे मंडळ आहे ते नारळी पौर्णिमा जवळच्या रविवारी करतं. यंदा ती बुधवारी, कुणाला सुट्टी मिळणार? एक जण कोळ्याची टोपी घालतो, नदीवर जाऊन नारळ सोडतो, मग हॉलवर जेवण. मीही दरवर्षी जातो. त्यात काही चुकतंय असं कधी कुणाला वाटलं नाही.

तो रविवार होता. बाबांचे ओठ पुन्हा पांढरे पडायला लागले होते. मी देवघरातला नारळ घेतला, त्याला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि तो बादलीत उरलेल्या त्या खाऱ्या पाण्यात सोडला. बादली नारळापेक्षा फार मोठी नव्हती. नारळ खाली गेला, आणखी खाली गेला आणि दिसेनासा झाला. मी बादलीत कोपरापर्यंत हात घातला. तळ लागला नाही.

लगेच भरती लागली.

गाडी घोड्यांवरून उचलली गेली. चारही घोड्या आडव्या झाल्या आणि त्यांचा आवाज पाण्यात पडल्यासारखा आला. बाबा ताठ बसले. गालांवर रंग आला, आवाज आला, आणि मी इतका आनंदलो की वैजूचा खारट हात धरून उभा राहिलो. बाबांनी आईची नक्कल पूर्ण केली. आई बाजारातून परत येताना कशी बोलायची, टोपलीचं वजन मानेवर आणि शिव्या आमच्यावर, ते सगळं. आम्ही तिघंही हसलो. मग त्यांनी पांघरुणाची घडी केली आणि ते वैजूकडे दिलं.

"डबा देशील का गो पोरी?" ते म्हणाले. "भाकर न सुका जवला. भायेर जातंय मी."

"कुठं बाहेर?" मी विचारलं.

"नारल दिलास ना?"

"दिला."

"मंग दर्या मोकला झाला. मोकल्या दर्यावं नाखवा घरान बसत नाय."

मी त्यांना सांगितलं की पौर्णिमा बुधवारी आहे. आज नारळ दिला तो माझ्या घाईपायी, शिवाय इथं सगळे रविवारीच देतात. समुद्र अजून खवळलेला असणार. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. सूर्य ढगांत होता आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर ओल वर वर सरकत होती. शेलारांच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे एकाच दिशेनं उडत होते.

"दिलेला नारल परत मांगता येतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग?"

वैजू आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज आला. मला तिचा राग आला, पण तो तिच्यावरचा नव्हता. नारळ मीच सोडला होता आणि उतावळेपणानं सोडला होता. घाट चढवून आणलेला बाप मी स्वतःच्या हातानं पुन्हा समुद्रावर पाठवत होतो, तोही रविवारच्या सोयीनं.

तेवढ्यात मला पाणी गळताना दिसलं.

मागच्या चाकाजवळून एक बारीक धार येत होती आणि गाडी त्या कोपऱ्यावर कलत होती. मी पाना घेऊन खाली सरकलो. घोड्या आडव्या पडलेल्या, गाडीला खाली कसलाच आधार नाही. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. या वेळी मागचं चाक लगेच आलं. हिरवं तेल काढताना सोडवलेला शेवटच्या जोडातला नट थोडा सैल राहिला होता. मी आवळलेल्या सगळ्या नटांत तेवढा एक. पाण्याची धार माझ्या छातीवर पडत होती आणि गाडी हळूहळू माझ्यावर उतरत होती.

मी पाना तसाच हातात धरून ठेवला. नट सैल राहिला तर पाणी निघून जाईल. गाडी बसेल. बाबा कुठेही जाणार नाहीत. चिरा पडलेले, चमच्यानं चहा पिणारे का होईना, माझ्या फाटकाच्या आत राहतील. मला हे हवं होतं, आणि किती हवं होतं ते मला तिथे झोपल्या झोपल्या कळलं. गाडीचं पोट माझ्या शर्टाच्या गुंड्यांना लागलं.

"खाली हायस का रं जना?" बाबांचा आवाज बरोबर माझ्या वरून आला.

"आहे."

"पानी येतं का कुठशी?"

मला नाही म्हणता आलं असतं. मध्ये पत्रा होता, माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं. पण होडीच्या पोटाखालून बाबांना कधी खोटं सांगितलेलं नाही. तिथून सांगितलेल्यावर विसंबून वरचा माणूस समुद्रात जातो.

"येतंय," मी म्हटलं.

"कुठं?"

"मागं. उजव्या अंगाला. एक नट सैल आहे."

गाडी माझ्या बरगड्यांवर टेकली होती आणि मला अर्धाच श्वास घेता येत होता. वैजूची पावलं आली, दार उघडलं, डबा ठेवल्याचा आवाज झाला, दार लागलं.

"यो तुझा तू ठरव," बाबा म्हणाले. "पानी येत आसंल तर मी जानार नाय. आवलशील तर जाईन."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. विनवणीही नव्हती. लहानपणी ते मला असंच विचारायचे, आज शाळेत जातोस की होडीवर येतोस, आणि मी काय म्हणेन ते खरोखर ऐकायला थांबायचे. मी डोळे मिटले. मला त्यांचा कोरडा हात आठवला, आणि चहा चिरांत मुरला तो. मग मी पाना नटावर बसवला आणि आवळला. नट नीट बसला. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली.

गाडी माझ्या छातीवरून उठली. मला पूर्ण श्वास घेता आला आणि तो खारा होता. पाइप हाताच्या अंतरावर होता, मग बोटांच्या टोकाला राहिला, मग तिथंही राहिला नाही. मी तळाशी पडलो होतो आणि वरून ती जात होती, रुंद, काळी, सावकाश. चाकं लटकत होती आणि फिरत नव्हती. भोवती हिरवट उजेड होता. पुढचा भाग गेटापाशी पोचला असेल, गेटापलीकडे गेला असेल, रस्त्याच्या वळणावर असेल, तरी मागचं टोक अजून माझ्यावर आलं नव्हतं.

वैजू पायरीवर उभी असावी. तिचा आवाज पाण्यातून आल्यासारखा आला.

"गेले का हो?"

"जातायत," मी म्हटलं. सावली अजून माझ्यावरून सरकत होती.